पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस: आधी कॉम्प्युटर साफ करा, मग पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डरच्या जागी फोल्डरसारखीच चित्रं दिसतात, फक्त प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. डबलक्लिक केलं की आतल्या फायलीही दिसतात, त्यामुळे आठवडाभर कुणाला संशयच येत नाही. हा शॉर्टकट व्हायरस. झेरॉक्सची दुकानं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रं, कॉलेजच्या लॅब, सीएची ऑफिसं, जिथं जिथं दिवसभरात दहा जणांचे पेनड्राइव्ह एकाच कॉम्प्युटरला लागतात तिथं तो मुक्कामालाच असतो.

बहुतेक जण याच्यावर एकच इलाज करतात: पेनड्राइव्ह फॉरमॅट. फायली जातात आणि तोच पेनड्राइव्ह पुन्हा त्याच कॉम्प्युटरला लावला की दहा सेकंदांत बाण परत हजर. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला हा प्रकार आहे. व्हायरस राहतो कॉम्प्युटरमध्ये. पेनड्राइव्ह हे त्याचं फक्त वाहन. म्हणून क्रम बदलू नका: आधी कॉम्प्युटर, मग खात्री, मग पेनड्राइव्ह. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

तो नक्की करतो काय

व्हायरस तुमच्या फायली खोडत नाही. तो त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो, म्हणून विंडोज त्या दाखवत नाही. मग त्याच नावाचे शॉर्टकट तयार करतो आणि स्वतःची एक प्रत पेनड्राइव्हवर लपवून ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक करणारा माणूस नकळत त्या लपलेल्या प्रतीला चालना देतो.

खातरजमा करायची असेल तर शॉर्टकटवर डबलक्लिक न करता राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'टार्गेट' हा रकाना वाचा. रकाना अरुंद असतो. कर्सर आत ठेवून एंड बटण दाबलं की उरलेला मजकूर दिसतो. नेहमीच्या शॉर्टकटमध्ये तिथं फाइलचा किंवा प्रोग्रॅमचा पत्ता असतो. इथं सुरुवातीला 'सीएमडी डॉट ईएक्सई' दिसेल, मग 'स्लॅश सी', मग 'स्टार्ट', मग एखाद्या अगम्य नावाची व्हीबीएस फाइल (विंडोजला हुकूम देणारी छोटी स्क्रिप्ट), त्यानंतर 'स्टार्ट एक्सप्लोरर' आणि तुमच्या फोल्डरचं नाव, शेवटी 'एक्झिट'. म्हणजे एका क्लिकवर दोन कामं: आधी व्हायरस चालू करायचा, मग तुम्हाला तुमचा फोल्डर उघडून द्यायचा.

टार्गेटमध्ये कुणाचं नाव आहे यावरून जात कळते. 'डब्ल्यूस्क्रिप्ट' किंवा व्हीबीएस असेल तर स्क्रिप्टवाला. हा सगळ्यांत जास्त सापडतो आणि हातानं काढता येतो. 'रनडीएलएल३२' असेल आणि पेनड्राइव्हवर पेनड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट असेल, तर तो अँड्रोमेडा ऊर्फ गॅमारू घराण्यातला. तो सगळ्या फायली नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये ढकलतो. २०१७ च्या अखेरीस युरोपोल, एफबीआय आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून अँड्रोमेडाचं जाळं तोडलं, पण जुन्या पेनड्राइव्हवर पडून राहिलेल्या प्रती त्यानं पुसल्या जात नाहीत. 'एमएसआयएक्झेक' दिसलं तर मात्र जपून: २०२१ पासून माहीत झालेला रास्पबेरी रॉबिन त्याच वाटेनं येतो आणि मागोमाग दुसरे, जास्त घातक प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवतो. तिथं हातानं साफसफाईच्या फंदात न पडता शेवटी दिलेल्या नव्यानं विंडोज टाकण्याच्या भागाकडे जा.

टार्गेटमधलं फाइलचं नाव कागदावर लिहून घ्या. पुढं तीन-चार ठिकाणी तेच नाव शोधायचं आहे.

हात घालण्यापूर्वी

लगेच प्रिंट हवी असलेली एखादी फाइल अडकली असेल तर आधी ती सोडवा. पेनड्राइव्ह ओटीजी केबलनं अँड्रॉइड फोनला लावा. विंडोजचे ते दोन शिक्के अँड्रॉइड सहसा मोजत नाही, त्यामुळे फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये मूळ फोल्डर दिसतात, आणि विंडोजसाठी लिहिलेली स्क्रिप्ट फोनवर चालत नाही. हवी ती पीडीएफ किंवा वर्ड फाइल फोनवर कॉपी करा. शॉर्टकट आणि अनोळखी फायलींना हात लावू नका.

मग कॉम्प्युटरकडे वळा. अँटीव्हायरस जो असेल तो एकदा अपडेट करून घ्या. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये 'प्रोटेक्शन अपडेट्स'. क्विक हील, के७ किंवा दुसरं काही असेल तर त्याचं अपडेट. आहे त्यावर आणखी एक अँटीव्हायरस टाकू नका. दोन कायमचे पहारेकरी एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन रांगायला लागतं. अपडेट झालं की वायफाय बंद करा, लॅनची वायर काढा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन, बाकीचे पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर सगळं उपसून बाजूला ठेवा. काम संपेपर्यंत या कॉम्प्युटरवरून बँकेत किंवा मेलमध्ये लॉगिन करायचं नाही.

दोन साधनं दुसऱ्या मशीनवरून आणावी लागतील: विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' आणि 'मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर'. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. इतर डाउनलोड साइटवर साधनाबरोबर नवीन पाहुणे येतात. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून मागच्या वर्षी ठेवलेला उपयोगाचा नाही. ती साधनं पेनड्राइव्हवर आणली तर तो पेनड्राइव्हही बाधित होणार. त्यापेक्षा फोनवर उतरवा आणि डेटा केबलनं कॉम्प्युटरला द्या. फोन केबलनं जोडला तर त्याला ई, एफ असं ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, आणि हे व्हायरस अक्षर असलेले ड्राइव्हच धुंडाळतात.

लॅपटॉप नवा असेल तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असू शकते. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू करताना, तो बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जमा असते. फोनवरून लॉगिन करून आधीच लिहून ठेवा. ऐन वेळी की सापडली नाही म्हणून साफसफाई राहते बाजूला आणि डेटाच कुलुपात अडकतो.

कॉम्प्युटरमधून काढणं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स' मध्ये जा. वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट-क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' मधून 'कमांड लाइन' चालू करा. हे केलं नाही तर तुम्हाला फक्त प्रोग्रॅमचं नाव दिसतं, आणि 'डब्ल्यूस्क्रिप्ट' हा मायक्रोसॉफ्टचाच सभ्य प्रोग्रॅम आहे. तो कुणाची स्क्रिप्ट वाचतोय हे कमांड लाइनमध्येच कळतं. तिथं तुमच्या कागदावरचं किंवा तसलंच अगम्य नाव आणि पूर्ण पत्ता दिसेल, बहुधा ॲपडेटाच्या 'रोमिंग' मधला किंवा 'टेम्प' मधला. पत्ता लिहून घ्या आणि मग 'एंड टास्क'. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर सगळ्या बंद करा. 'रनडीएलएल३२' च्या ओळी मात्र सरसकट बंद करू नका. त्यातल्या काही विंडोजच्या स्वतःच्या असतात.

बंद केलेली ओळ पुन्हा उगवत असेल, किंवा टास्क मॅनेजरच उघडू देत नसेल, तर सेफ मोड. स्टार्ट मेनूतलं 'रीस्टार्ट' शिफ्ट दाबून धरून क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, पासवर्ड लागतो.

आता हा चालू कुठून होतो ते तोडायचं. जागा मुख्यतः तीन असतात: स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) 'रन' च्या नोंदी आणि ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्युलर. एकेक उघडत बसण्यापेक्षा ऑटोरन्स 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. सगळ्या जागा एकाच यादीत येतात. 'लॉगऑन' आणि 'शेड्युल्ड टास्क्स' हे टॅब ओळीनं बघा. शेड्युल्ड टास्कमध्ये दर मिनिटाला स्क्रिप्ट चालवणारी नोंद हमखास सापडते, आणि 'मघाशी काढला होता, परत कसा आला' याचं उत्तर बहुधा तिथंच असतं.

ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे आणि सगळे मार्गदर्शक ती चालू करायला सांगतात. यादी छोटी होते हे खरं. पण या व्हायरसच्या नोंदीत पुढं नाव असतं 'डब्ल्यूस्क्रिप्ट' चं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं, आणि व्हायरसची फाइल त्याच्या पाठीमागे बसलेली असते. म्हणून एकदा तो पर्याय बंद करून, वरच्या शोधखान्यात कागदावरचं नाव टाकून बघा. मग 'व्हीबीएस' आणि 'डब्ल्यूस्क्रिप्ट' हेही शब्द इंग्रजीत टाकून बघा. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. त्या सहसा जुन्या प्रोग्रॅमचा कचरा असतो, घाबरण्यासारखं काही नाही. संशयित ओळीची आधी फक्त खूण काढा. मशीन दोनदा सुरळीत सुरू झालं की मग ओळ डिलीट करा. छापखान्यातल्या एखाद्या जुन्या प्रिंटरची स्क्रिप्ट व्हायरस समजून उडवली तर परत आणता येत नाही. खूण मात्र पुन्हा लावता येते.

कॉम्प्युटरवर दोन-तीन युजर असतील, सकाळच्या पाळीचा एक आणि संध्याकाळचा एक, तर ऑटोरन्सच्या 'युजर' मेनूतून प्रत्येकाच्या नोंदी बघा. एकाच्या खात्यात राहिलेली ओळ त्यानं लॉगिन करताच सगळं पुन्हा उभं करते.

मग मूळ फाइल. फाइल एक्सप्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स' मध्ये 'व्ह्यू' टॅबवर लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची खूण काढा. दुसरी खूण काढली नाही तर 'सिस्टिम' शिक्क्याच्या फायली दिसतच नाहीत. अर्धे लोक इथंच फसतात. लिहून घेतलेल्या पत्त्यावर जा आणि ती एकच फाइल शिफ्ट-डिलीटनं काढा. अख्खा ॲपडेटा किंवा रोमिंग फोल्डर उडवू नका. त्यात तुमचे ब्राउझरचे बुकमार्क, आउटलुकची सेटिंग्ज आणि बाकीच्या प्रोग्रॅमचा संसार असतो.

स्कॅन, आणि स्कॅनला फसवणारी एक जागा

स्कॅन सुरू करण्याआधी विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'मॅनेज सेटिंग्ज', आणि अगदी तळाला 'एक्सक्लुजन्स' उघडा. ही डिफेंडरनं बघू नये अशा जागांची यादी. घरगुती मशीनवर ती रिकामी असायला हवी. टायपिंगच्या, फोटोच्या किंवा हिशोबाच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत टाकताना 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं सांगितलेलं असतं. ती प्रत टाकणारा, किंवा प्रत स्वतःच, इथं अख्खा सी ड्राइव्ह लिहून ठेवते. मग स्कॅन कितीही वेळा चालवा, 'नो करंट थ्रेट्स' च येणार. बाधित मशीनवर स्वच्छ स्कॅन आला की पहिला संशय या यादीचा घ्या आणि तिच्यातल्या अनोळखी ओळी काढून टाका.

त्यानंतर 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. मशीन बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू व्हायरसला अडवायची संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि मशीन आपोआप परत सुरू होतं. निकाल पडद्यावर थांबत नाही. 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये बघायला लागतो. मग फुल स्कॅन, याला काही तास जातात, जुन्या हार्ड डिस्कवर रात्रभरसुद्धा. शेवटी सेफ्टी स्कॅनर, तोही फुल. तो कायमचा पहारेकरी नसल्यानं आहे त्या अँटीव्हायरसशी भांडत नाही.

वेगळं मत हवं असेल तर भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या साइटवर मालवेअर काढायची साधनं मोफत मिळतात. पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांनी ती दिलेली आहेत.

खात्री पेनड्राइव्हच देतो

स्कॅन काहीही म्हणो, कॉम्प्युटर साफ झाला की नाही हे एका रिकाम्या पेनड्राइव्हवरून कळतं. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर किंवा फोनवर तो फॉरमॅट करा, त्यावर एक फोल्डर आणि दोन बिनमहत्त्वाच्या फायली टाका. साफ केलेला कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, नेहमीच्या युजरनं लॉगिन करा, पेनड्राइव्ह लावा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. लपलेल्या फायली दाखवायचे दोन्ही पर्याय अजून चालूच असले पाहिजेत. फोल्डर फिकट झाला, बाण आला, अनोळखी फाइल उगवली तर व्हायरस जिवंत आहे; टास्क मॅनेजरपासून पुन्हा सुरुवात करा, या वेळी सेफ मोडमध्ये. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर दिसला तर तो विंडोजचा स्वतःचा, त्याला हात लावू नका.

काही झालं नाही तर नेट जोडून पुन्हा एकदा हेच करा. काही जाती नेट मिळाल्यावरच आपली नवी प्रत मागवतात.

दुकानात चार मशीन असतील तर चारही एकाच दिवशी साफ व्हायला हवीत, आणि तोपर्यंत शेअर केलेले फोल्डर बंद. नेटवर्कवरचा शेअर केलेला ड्राइव्ह ज्याला अक्षर दिलेलं आहे, तो व्हायरसच्या नजरेत पेनड्राइव्हसारखाच.

आता पेनड्राइव्ह

बाधित पेनड्राइव्ह साफ कॉम्प्युटरला लावा आणि कुठल्याही शॉर्टकटवर क्लिक करू नका. व्हायरस क्लिकनं चालू होतो, नुसता पेनड्राइव्ह लावल्यानं नाही. एकेकाळी ऑटोरनमुळे, म्हणजे ड्राइव्हवरचा प्रोग्रॅम आपोआप चालवायच्या विंडोजच्या सोयीमुळे, नुसता लावला तरी पुरे व्हायचं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ते बंद केलं आणि २०११ च्या फेब्रुवारीत एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसं अपडेट दिलं. शॉर्टकटवाले आले ते याच अडचणीवर मार्ग म्हणून.

'धिस पीसी' मध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. पडद्यावर दोन केबीचा एक शॉर्टकट आणि 'यूज्ड स्पेस' सहा जीबी, असं असेल तर फायली आत शाबूत आहेत. ड्राइव्हवर पुन्हा राइट-क्लिक करून डिफेंडरनं स्कॅन करा. हे वेगळं करावंच लागतं, कारण डिफेंडरचा फुल स्कॅन मुळात पेनड्राइव्ह तपासत नाही.

मग शिक्के उतरवायचे. प्रॉपर्टीजमधल्या 'हिडन' ची खूण इथं फिकट असते, काढता येत नाही, कारण सोबत 'सिस्टिम' शिक्का आहे. म्हणून काळी खिडकी उघडावी लागते: स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा आणि ती उघडा. समजा पेनड्राइव्हचं अक्षर 'जी' आहे. पहिली ओळ: जी आणि लगेच कोलन, एंटर. डावीकडे आता जी दिसायला हवं. सी दिसत असेल तर पुढं जाऊ नका. दुसरी ओळ इंग्रजी अक्षरांत, फोनवर सांगावी तशी: ए-टी-टी-आर-आय-बी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, स्टार डॉट स्टार. एंटर. मायनस आणि अक्षर यांच्यात जागा सोडायची नाही, आणि स्लॅश हा पुढे झुकलेला, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा. 'पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट' असं आलं तर याच दोनपैकी एक चुकलंय.

सी ड्राइव्हवर ही ओळ चालवू नका. विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फायली सगळीकडे उघड्या पडतात आणि परत झाकणं किचकट होऊन बसतं.

फायली दिसायला लागल्या की 'टाइप' या रकान्यावर क्लिक करून यादी प्रकारानुसार लावा. सगळे 'शॉर्टकट', सगळ्या व्हीबीएस आणि जेएस स्क्रिप्ट, 'ऑटोरन' नावाची आयएनएफ फाइल, आणि फोल्डरचं चित्र असलेले पण टाइपमध्ये 'ॲप्लिकेशन' लिहिलेले सगळे भामटे काढून टाका. आतल्या फोल्डरमध्येही हे शोधा. नाव नसलेला फोल्डर दिसला तर तो उडवू नका, उघडा. गॅमारूनं कोंबलेला तुमचा सगळा माल त्यातच असतो. हवं ते डी ड्राइव्हवर कॉपी करा, फक्त कागदपत्रं, फोटो, पीडीएफ. ईएक्सई फायली सोडून द्या. मग पेनड्राइव्हला क्विक फॉरमॅट. यात चार जीबीहून मोठ्या फायली ठेवायच्या असतील तर एक्सफॅट निवडा, कारण फॅट३२ त्या घेत नाही.

जागा भरलेली दिसत नाही आणि फायलीही नाहीत, असं झालं तर कुणीतरी आधीच त्या खोडल्या आहेत. त्या पेनड्राइव्हवर नवीन काही लिहू नका. फोटोरेकसारख्या मोफत साधनानं बरंच काही परत मिळतं, मात्र फायलींची मूळ नावं मिळत नाहीत. मिळालेला माल दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

नंतर उरणाऱ्या कटकटी

मशीन सुरू होताना 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल' अशी खिडकी येते. लोक धास्तावतात, पण ही बातमी चांगली आहे: फाइल गेली, तिला हाक मारणारी नोंद उरली. ऑटोरन्समध्ये त्या नावाची ओळ शोधून काढून टाका.

व्हायरस गेला आणि नेटही गेलं? सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'प्रॉक्सी' बघा. व्हायरसनं लावलेला प्रॉक्सी तसाच उरतो. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद करा.

घरच्या कॉम्प्युटरवर डिफेंडर किंवा क्रोम 'तुमची संस्था हे नियंत्रित करते' असं म्हणत असेल, तर ती संस्था म्हणजे एखादा मालवेअर किंवा क्रॅक. कधी एखादा परवानाधारक अँटीव्हायरसही क्रोममध्ये असं काही लावतो, म्हणून आधी तो तपासा.

कधी थांबायचं

स्कॅनरनं सॅलिटी, व्हायरट किंवा रॅमनिट अशी नावं दाखवली, किंवा शेकडो ईएक्सई फायली बाधित सांगितल्या, तर साफसफाई सोडा. या जाती प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये शिरतात. साफ केलेले प्रोग्रॅम धड चालत नाहीत आणि एक फाइल राहिली तरी सगळं परत. रास्पबेरी रॉबिनबद्दल वर सांगितलंच. डेटा कॉपी करा, स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं किमान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा, आणि जुने भाग पुसून नव्यानं टाका. डी ड्राइव्ह तसाच ठेवून फक्त सी फॉरमॅट करायची दुकानदारी सवय इथं महाग पडते, कारण डी वर साठवलेले सेटअप बाधितच असतात.

फायलींची नावंच बदलली असतील, प्रत्येकीला एखादं विचित्र शेपूट लागलं असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी सापडली असेल, तर तो शॉर्टकट व्हायरस नव्हे, रॅन्समवेअर. काही पुसू नका; २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी सुरू केलेल्या 'नो मोर रॅन्सम' च्या साइटवर त्या शेपटाची चावी आहे का ते आधी बघा.

साफ झालेल्या मशीनवरचे पासवर्ड बदला, पण बदल दुसऱ्या उपकरणावरून करा. आधी मुख्य ईमेल, मग बँक, मग बाकी. ईमेलमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हेही करा, कारण चोरलेल्या कुकीनं पासवर्ड न टाकताही आत शिरता येतं. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० वर लगेच फोन करा. रक्कम पुढं सरकण्याआधी गोठवता येते ती सुरुवातीच्या काही तासांतच.

पुन्हा येऊ नये म्हणून, एक नेमका उपाय

ज्या मशीनवर रोज परके पेनड्राइव्ह लागतात, तिथं विंडोजचा स्क्रिप्ट होस्टच, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा भागच, बंद करणं सगळ्यांत फायद्याचं. व्हीबीएस फायली नोटपॅडमध्ये उघडतील अशी व्यवस्था करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच उपयोगी आहे. शॉर्टकटमध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट' ला थेट हाक मारलेली असते, त्यामुळे नोटपॅडची व्यवस्था वाटेत येतच नाही. रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशिन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज असं खाली उतरा. तिथं 'एनेबल्ड' नावाचं ३२ बिटचं डीवर्ड तयार करून त्याची किंमत ० ठेवा. आता असा शॉर्टकट कुणी दाबलाच तर 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट ॲक्सेस इज डिसेबल्ड' एवढीच खिडकी येते.

याची किंमतही आहे: जुन्या प्रिंटरचे, हिशोबाचे काही प्रोग्रॅम आणि विंडोजचं स्वतःचं लायसन्स तपासणारं साधन व्हीबीएसवर चालतात. काही अडलं तर तीच किंमत १ करा, काम उरका, पुन्हा ० करा. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्येच व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे व्हीबीएस फायलींची भाषा, मोडीत काढायचं जाहीर केलं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते 'ऑप्शनल फीचर्स' मधून काढूनही टाकता येतं. 'रनडीएलएल३२' आणि 'एमएसआयएक्झेक' वाल्यांना मात्र हा बंदोबस्त लागू पडत नाही. त्यांच्यासाठी चालू आणि अपडेट असलेला अँटीव्हायरस, दुसरं काही नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हेही दुकानातलं जुनं मशीन तसंच पुढं रेटताना लक्षात घ्या.

गिऱ्हाइकाकडून पेनड्राइव्हऐवजी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ मागवा. पेनड्राइव्ह घ्यावाच लागला तर तो एकाच ठरावीक मशीनला लावा, ज्यावर ना बँकेचं लॉगिन आहे ना डिजिटल सिग्नेचरचा टोकन.